दोन बोटं माया

८ जानेवारी

वहिनी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी बातमी ऐक. माझ्या लेकीचं, आपल्या छकुलीचं लग्न ठरलं! एप्रिलचा शेवटचा रविवार. मुलगा उंच आहे, कमी बोलतो, आणि त्याच्या आईला माझं बोलणं फारसं रुचलेलं दिसत नाही, म्हणजे बाई हुशार आहे.

आता मुद्द्याचं. लग्नाचे कपडे सगळ्यांचे मी घेणार. आमचे, तुमचे, दिरांकडचे, सगळे. मला कुणी सांगितलेलं नाही, पण न सांगता करायची कामं या घरात माझ्याच वाट्याला येतात आणि मी ती कुणाला घेऊ देत नाही. आमच्या मोठ्या जाऊबाई एका रुमालासाठी चार दुकानं पालथी घालतात आणि शेवटी पहिल्या दुकानात जाऊन सांगेल ती किंमत मोजून येतात. त्यांच्या हाती खरेदी दिली तर जेवणावळीला पैसे उरायचे नाहीत.

मला एक दुकान सापडलंय. मोठ्या रस्त्यावर नाही, मागच्या बोळात, चाव्या करणाऱ्याच्या शेजारी. बाहेर पाटी नाही, आत आरसा नाही. मालक जाड भिंगांचा चष्मा लावून गल्ल्यावर बसतो, म्हणून मी त्याला चष्मेवाला म्हणते. जिथे आरसा नाही तिथे गिऱ्हाईक कमी, आणि जिथे गिऱ्हाईक कमी तिथे भाव होतो. बापूसाठी एक कोट पसंत केला. किंमत ऐकली आणि मी नुसती हसले. हसणं हे निम्मं काम असतं. मग बाहेर पडले. चावीवाल्यापर्यंत गेले तरी हाक येईना, पण मागे वळून पाहिलं नाही. चपलेत खडा गेल्याचं सोंग करून कोपऱ्यावर थांबले. तेव्हा आली हाक! सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात आणलाय कोट. बरोबर तुझ्या थोरल्याला शर्ट, धाकटीला फ्रॉक आणि तुला स्वेटर, सगळं याच पार्सलात आहे.

आणि माल पडेल आहे असं समजू नकोस. मी शिंप्याची मुलगी. कपडा वरून बघत नाही, उलटा करून बघते. आत शिवणीला चांगली दोन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलीय. उद्या माणसाचं अंग भरलं की शिवण उसवायची आणि कोट सैल करायचा, नवा घ्यायला नको. हल्ली एवढी माया कोण सोडतं? तयार कपडेवाले आत दोऱ्यापुरती जागा ठेवत नाहीत. आपले अण्णा सोडायचे, त्यांच्या हाताखाली शिकला म्हणून आपला बापू सोडतो. हाही कुणी तसाच जुना कारागीर असणार. आणि खुळा असणार, एवढं काम असल्या भावात देतोय म्हणजे.

बापू नाक मुरडेल. शिंप्याच्या घरात तयार कोट! त्याला म्हणावं, लग्नसराईत तुझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, घरच्यांचं तू शिवणार कधी? छकुलीच्या मुलांच्या लग्नात?

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. दोन वर्षं झाली, बापू कुठल्याच कार्याला आला नाही. दर वेळी तुझं पत्र, 'कामाची गर्दी आहे, जमणार नाही.' माझा गुडघा प्रवास करू देत नाही, नाहीतर येऊन कान धरून आणला असता. आई-अण्णा गेले. माहेर म्हणून माझ्याकडे आता तो एकटाच उरलाय. त्या दिवशी तो समोर दिसला नाही तर बाकी हॉल कितीही भरला तरी मला तो रिकामाच वाटेल. त्याला हे असंच वाचून दाखव.

आता आशीर्वाद.

ताई

 

२४ जानेवारी

वन्सं,

तुमच्या आशीर्वादाच्या आधी आमचा नमस्कार पोचायला हवा होता, पण तुमचं पार्सल नेहमीच आमच्या पुढे धावतं. छकुलीला आम्हा सगळ्यांकडून खूप खूप प्रेम. एवढीशी होती, माझ्या पदराला नाक पुसायची.

कपडे मिळाले. शर्ट बसला, फ्रॉक बसला, स्वेटर घालूनच लिहितेय. कोट तर यांना असा बसला की जणू अंगावर माप घेऊन शिवलाय. यांनी तो हातात घेतला, उलटा केला, बाहीच्या आत हात घालून एकेक शिवण चाचपली. चहा गार झाला. मग म्हणाले, "ताईची नजर अजून तशीच आहे." मी विचारलं, "आवडला का?" तर म्हणाले, "आवडायचं काय त्यात. ओळखीचा वाटतो." तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. चष्मेवाल्याने आधी किंमत किती सांगितली होती? शेवटी तुम्ही किती दिलेत ते विचारू नको म्हणाले.

दुकानाचं म्हणाल तर तिथे सकाळ-संध्याकाळ माणसांची रीघ असते. तुम्ही लिहिता तसंच, पाय ठेवायला जागा नसते.

लग्नाचं मी यांच्याकडे काढलं. तुमचं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. "बघू," म्हणाले. तुमच्या भावाचं 'बघू' माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

आपली,
वहिनी

 

९ फेब्रुवारी

वहिनी,

ओळखीचा वाटतो म्हणे! म्हणजे 'असले कोट छप्पन्न पाहिलेत,' असंच ना? लहानपणापासून मेल्याला कौतुक म्हणून करता येत नाही. मी पहिल्यांदा पोहायला शिकले तेव्हाही म्हणाला होता, "बुडाली नाही म्हणजे झालं." आणि आधीची किंमत कशाला हवी त्याला? स्वतःच्या दुकानात तेवढी लावायची असेल. लाव म्हणावं, पण माझ्यासारखी गिऱ्हाईक भेटली की रडशील.

मी काही त्याच्या नाक मुरडण्याने थांबणारी नाही. थोरल्या दिरांना, छकुलीच्या दोन्ही चुलतभावांना आणि तिच्या बाबांना त्याच दुकानातून त्याच हातचे कोट घेतले. चष्मेवाला या वेळी तयारीत होता. मी हसले तर तोही हसला. मी बाहेर पडले तर त्याने पेपर उघडला. कोपऱ्यावर खडा काढून काढून दमले, हाक नाही! मग परत आत गेले आणि युक्ती केली. एक कोट उजेडात धरला, बटणाचं काज बोटाने ताणलं आणि म्हटलं, "हे काज तिरकं आहे. असला सदोष माल लग्नात घालून आमची शोभा करायची का?" काज काही तिरकं नव्हतं. फूटपट्टीने ओढल्यासारखं होतं. पण चष्मेवाल्याला एवढ्या जाड काचेतून तिरकं-सरळ काय दिसणार? घाबरला. सगळे कोट मागच्याच भावात दिले. वर म्हणाला, "माल आणून देणाऱ्याला सांगतो, पूर्ण गठ्ठ्याचे पैसे कापून घेतो." मी म्हटलं, "घ्या की खुशाल! चांगली अद्दल घडेल."

रात्री छकुलीच्या बाबांना ही हकिकत सांगितली तर ते नुसतं "हं" म्हणाले. या जगात कलेची कदर नाही.

बापूचं 'बघू' मला चालणार नाही. 'येतो' असं लिहून पाठव.

ताई

 

३ मार्च

वन्सं,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. यांना न विचारता लिहितेय. लग्नानंतर असं पहिल्यांदाच करतेय, तेव्हा यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका.

यांचं दुकान बंद झालं त्याला दोन वर्षं झाली. तिथे आता औषधाचं दुकान आहे. माणसांची रीघ असते असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं, लोक औषधं घ्यायला येतात. शिवून घ्यायला येईनासे झाले होते. सगळे बाजारातून तयार घेतात, स्वस्त पडतं. तुम्हाला तर ठाऊकच आहे.

यांनी मशीन घरी आणलं. एक ठेकेदार कापड आणून देतो, हे कोट शिवतात, काज-बटणं मी करते. ठेकेदार माल कुठे कुठे नेतो ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. तुमचं पार्सल उघडलं तेव्हा कळलं, एक दुकान तुमच्या मागच्या बोळात आहे. कोट 'ओळखीचा' म्हणाले ते नाक मुरडून नव्हे. तो यांनीच शिवलेला होता. त्याचं काज माझ्या हातचं होतं. आधीची किंमत विचारली ती एवढ्याचसाठी, की आपल्या कामाला बाजारात काय मोल आहे ते एकदा ऐकावं. यांना जे मिळतं ते इतकं कमी आहे की मी लिहीत नाही.

आणि वन्सं, ते तिरकं काज. ठेकेदार तावातावाने आला आणि सगळ्या गठ्ठ्याचे पैसे कापून गेला. पैशांचं यांनी मनाला लावून घेतलं नाही. पण उरलेला प्रत्येक कोट खिडकीशी नेऊन नेऊन पाहत होते. "माझं काम तिरकं?" एवढंच म्हणत होते. काज माझं होतं, तरी मला एका शब्दाने बोलले नाहीत. तुमचं पत्र मी तोवर वाचलं होतं. वाचून दाखवलं मात्र नाही, डाळीच्या डब्याखाली ठेवून दिलं.

लग्नाला का येत नाहीत ते आता सांगते. कोट नाही म्हणून नव्हे, तुमच्यावर राग आहे म्हणून तर मुळीच नव्हे. कार्याला गेलं की प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, "काय बापू, दुकान कसं चाललंय?" अण्णांचं दुकान होतं ते. "काय सांगू सगळ्यांना? की माझ्या हातून गेलं?" असं म्हणतात, आणि मला लिहायला सांगतात, 'कामाची गर्दी आहे, जमणार नाही.' मी लिहिते.

तुम्हाला दुखवायला हे लिहिलेलं नाही. थोडंसं दुखावं असं मात्र वाटलं, खोटं कशाला बोलू.

वहिनी

 

१५ मार्च

वहिनी,

आधी भांडून घेते. दोन वर्षं! दोन वर्षं मी आल्या-गेल्याला सांगतेय, माझ्या भावाचं दुकान जोरात चाललंय, आणि तुम्ही दोघं मला सांगू देताय? मी काय परकी आहे? अण्णांचं दुकान माझंही होतं. त्याच्या फळीवर बसून मी अभ्यास केलाय. ते गेलं त्या दिवशी मला रडायचा हक्क होता, तो तुम्ही दोघांनी मिळून खाल्लात.

झालं भांडून. आता रडूनही झालंय. तुझं पत्र आल्यावर मी जेवले नाही. छकुलीच्या बाबांना वाटलं डोकं दुखतंय, त्यांनी बाम आणून दिला.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याकडे गेले. म्हटलं, "त्या दिवशीचं काज सरळ होतं. कारागिराचे कापलेले पैसे परत द्या." तो म्हणाला, "बाई, मी ठेकेदाराचे कापले, त्याने कुणाचे कापले त्याच्याशी माझा काय संबंध?" मग म्हटलं, "बरं, मी कोट फार कमीत नेले. पूर्ण किंमत घ्या." वहिनी, त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, "दोष नव्हता तेव्हा तुम्ही दोष काढलात. आज दोष नाही म्हणताय, म्हणजे नक्की मोठा दोष सापडलाय. काय आहे ते स्पष्ट सांगा." मी म्हटलं, "काही नाही हो, काम उत्तम आहे, दर वाढवा." तर माझ्याकडे बघत हळू आवाजात विचारतो, "तुम्ही सरकारी खात्यातल्या आहात का?" मी पैसे गल्ल्यावर ठेवले, त्याने ते परत माझ्या पिशवीत कोंबले. मी पुन्हा ठेवले, त्याने वर दोन रुमाल फुकट बांधून दिले. जन्मभर भाव कमी करून घेतला, एकदा वाढवायला गेले तर त्याने आणखी कमी केला! घरी येऊन ते रुमाल रागाने धुवायला टाकले.

पण मी हार मानणारी नाही. सरळ जमत नसेल तर आडवळणाने. दिरांकडचे, जाऊबाईंचे माहेरचे, आमच्या इमारतीतले, छकुलीच्या कचेरीतले, सगळ्यांना त्या दुकानाकडे पिटाळलंय. सक्त ताकीद दिलीय, भाव करायचा नाही, तो माणूस तापट आहे, भाव केला तर हाकलून देतो. लोक मुकाट्याने पूर्ण किंमत देऊन कोट आणताहेत आणि वर मला धन्यवाद देताहेत. चष्मेवाल्याचा माल संपला की ठेकेदार पळत बापूकडे येईल, आणि बापू दर वाढवून मागेल. मागेल ना? त्याला सांग, माग म्हणून. मी लिहिलंय असं सांगू नकोस.

आणि लग्नाला येऊ दे त्याला. दुकानाचं कुणी विचारलं तर मी मध्ये पडेन. माझ्या मध्ये पडण्यापुढे कुणाचा प्रश्न टिकत नाही.

ताई

 

१० एप्रिल

वन्सं,

तुमची युक्ती चालली. इतकी चालली की घरात चालायला जागा उरली नाही. दारापासून चुलीपर्यंत कापडाचे गठ्ठे आहेत. पोरं गठ्ठ्यांवर बसून जेवतात. ठेकेदार दिवसाआड येतो, आणि काय सांगू, हसतो! बोळातल्या दुकानात कोट ठेवल्या ठेवल्या उठतात म्हणाला.

दर वाढवून मागा असं मी यांना सुचवलं. यांनी मागितला. ठेकेदार म्हणाला, "दर तोच, पण काम दुप्पट देतो, म्हणजे झालंच ना दुप्पट?" यांना तो हिशेब पटला. शिवाय त्याने आणखी एक काढलं, आत एवढी माया सोडायची नाही, कापड वाया जातं. यांनी मान हलवली, आणि सोडायची तेवढी सोडतातच.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हे खूश आहेत, वन्सं. दुकान गेल्यापासून मी यांना शिवताना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. परवा म्हणाले, "बघ, तयार माल घेणाऱ्यांनासुद्धा अजून कामाची पारख आहे. भाव न करता नेतात म्हणे." मी सुईत दोरा ओवत होते. ओवतच राहिले.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. सगळा माल लग्नाच्याच आठवड्यात पोचवायचा आहे. लग्नसराई इतरांचीही आहे ना. हे सकाळी मशीनवर बसतात ते दिवा लावायची वेळ झाली तरी उठत नाहीत. काल म्हणाले, "ताईला लिही, कामाची गर्दी आहे, जमणार नाही." नेहमीचंच वाक्य. दोन वर्षं मी ते लिहितेय आणि दर वेळी हात जड व्हायचा. या वेळी पहिल्यांदाच ते खरं आहे.

छकुलीला आमचे आशीर्वाद कळवा. आम्हा दोघांना माफ करा म्हणत नाही. गर्दी तुम्हीच पाठवलीत.

वहिनी

 

३० एप्रिल

वहिनी,

बापू एव्हाना घरी पोचला असेल. 'काय झालं' विचारलंस तर 'लग्न झालं, जेवण बरं होतं,' एवढंच सांगेल. म्हणून मी लिहायला बसले. घर पाहुण्यांनी भरलंय, स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याने लिहितेय.

तो येणार नाही हे मी मनाला बजावून ठेवलं होतं. तुझं पत्र वाचून कुणाला दोष द्यावा तेही कळेना. माझ्याच हाताने मी त्याच्या दाराला काम लावलं आणि माझंच दार बंद केलं. सकाळपासून सगळ्यांशी जोरजोरात बोलत होते. मी जोरात बोलते तेव्हा मी ठीक नसते, हे फक्त छकुलीच्या बाबांना कळतं. ते दर थोड्या वेळाने पाणी आणून देत होते.

हॉलमध्ये जिकडे पाहावं तिकडे बापूचे कोट. निम्मा हॉल त्याने शिवलेला, आणि तो नाही.

लग्न लागलं, आणि जाऊबाईंनी तोंड उघडलं. थोरले दीर आदल्या दिवशी आणखी एका कोटासाठी चष्मेवाल्याकडे गेले होते. पूर्ण किंमत देताना ते कुरकुरले, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या त्या बाई तर तिसऱ्या हिश्शात नेतात." झालं! जाऊबाई व्याह्यांसमोर, भर हॉलमध्ये म्हणाल्या, "आम्हाला भाव करू नका म्हणून बजावायचं आणि स्वतः तिसऱ्या हिश्शात घ्यायचं! दुकानदाराकडून कमिशन मिळत असणार." माझ्यावर, वहिनी! ज्या बाईने दुकानदाराला कधी सुखाने एक पैसा मिळू दिला नाही तिच्यावर, कमिशनचा आळ! छकुलीची सासू माझ्याकडे बघायला लागली. माझ्या जिभेवर उत्तर होतं. पण ते दिलं असतं तर बापूचं सगळं बाहेर पडलं असतं. मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले, आणि त्यामुळेच सगळ्यांची खात्री पटली.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, बापू आला!"

ठेकेदाराची गाडी मोडली म्हणून माल घेऊन तो स्वतःच आलेला. तुला हे ठाऊकच असेल. गठ्ठे चष्मेवाल्याच्या दुकानात टाकून तसाच हॉलवर आला. घामाने भिजलेला शर्ट, बाहीला दोरे चिकटलेले, गळ्यात मापाची फीत, काढायची विसरलेला. मी त्याच्याकडे जाणार तोच थोरल्या दिरांनी विचारलं, "काय बापू, दुकान कसं चाललंय?"

मी मध्ये पडेन असं तुला लिहिलं होतं. नाही पडता आलं.

बापूने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड पाहिलं, जाऊबाईंचं पाहिलं. आल्या आल्या दारातच त्याने कमिशनचं ऐकलं असणार. मग सगळ्यांच्या अंगावरचे कोट त्याने एकेक करून पाहिले. आणि त्याला कळलं, वहिनी. भाव न करता कोट का उठत होते ते तिथे उभ्या उभ्या त्याला कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिलं, आणि ते पाहण्यापेक्षा कमिशनचा आळ पुष्कळ बरा होता.

तो म्हणाला, "भाऊजी, कोट काढता का जरा?" दिरांनी काढला. त्याने तो खुर्चीच्या पाठीवर उलटा टाकला. म्हणाला, "हा मी शिवलाय. इथे आहेत ते बहुतेक सगळे मीच शिवलेत. काज-बटणं आमच्या घरातून. दुकान बंद पडून दोन वर्षं झाली. ताईने तुम्हाला तिथे पाठवलं ते माझ्या पोटासाठी. कमिशन कुणी खाल्लं असेल तर मी खाल्लं." आवाज चढवला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला 'मंगळवारी या' म्हणायचा ना, तसंच म्हणाला.

मला वाटलं आता कुणीतरी डोळे पुसेल. निदान जाऊबाई 'चुकलं' म्हणतील. पण आमच्या घरच्या माणसांना मी अजून ओळखलंच नाही. जाऊबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अगोबाई, बापू! मग तू आम्हाला सरळच द्यायचे ना, घरच्या भावात!"

त्यानंतर त्याला जो गराडा पडला तो नवरा-नवरीलाही पडला नव्हता. एकाला बाही आखूड करून हवी, एकाला पोट सुटलं म्हणून सैल करून हवा, व्याह्यांना नवीनच शिवून हवा. गळ्यातली फीत कामाला लागली. आणि तुझा नवरा सगळ्यांना काय सांगत होता माहीत आहे? "द्या हो समजून, घरचेच आहात, निम्म्यात करू." निम्म्यात! आता कळलं मला दुकान कसं बुडालं ते. लोक तयार कपडे घ्यायला लागले म्हणून नव्हे, याला किंमत सांगता येत नाही म्हणून. मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि ज्याला ज्याला त्याने निम्म्यात म्हटलं त्याला त्याला परत बोलावून पूर्ण किंमत सांगितली. व्याह्यांनासुद्धा.

छकुली सासरी निघाली तेव्हा तिला जवळ घेऊन रडला. तिरक्या काजाचा आळ कुणी घेतला होता तेही त्याने ताडलं असणार, कारण माझ्याशी एवढंच बोलला, "काज सरळ होतं ना?" मी म्हटलं, "फूटपट्टीसारखं." मग मान खाली घालून जेवायला बसला. मी वाढत होते आणि तो 'पुरे' म्हणत नव्हता.

तुझी,
ताई

 

२२ मे

वन्सं,

खरंच, हे "लग्न झालं, जेवण बरं होतं," एवढंच म्हणाले. तुमचं पत्र मी या वेळी वाचून दाखवलं, सगळं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुला पत्र लिहायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, "कुणीच नाही." म्हणाले, "बरं केलंस." आणि मशीनवर बसले.

ठेकेदाराने काम बंद केलं. चष्मेवाल्याने त्याला कळवलं, तुझा कारागीर परस्पर गिऱ्हाइकं घेतो. दोन दिवस मी घाबरून होते. मग तुमच्याकडची मापं टपालाने यायला लागली. व्याह्यांच्या भावांची, तुमच्या इमारतीतल्यांची, आणि जाऊबाईंच्या सगळ्या माहेराची. इथेही बातमी फुटली. औषधाच्या दुकानात विचारून विचारून लोक घरापर्यंत येतात. कुणी 'दुकान कसं चाललंय?' विचारलं तर हे आता सांगतात, "दुकान गेलं, मी आहे," आणि माप घ्यायला उठतात.

पण वन्सं, गुडघा कसाही असो, मिळेल त्या गाडीने या. खिडकीजवळची खुर्ची तुमच्यासाठी मोकळी करून ठेवलीय. काल समोरच्या इमारतीतले मास्तर आले. कापड पाहिलं, "शिलाई किती?" म्हणून विचारलं, आणि भाव करायला अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच यांनी किंमत कमी केली.

वाट पाहते.

वहिनी